न घेतलेला घोट

ओबेदचा गळा हलला नाही. प्याला त्याने दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, कड ओठाला लावली, मान जेवढी मागे न्यायची तेवढी नेली, सगळं कसं रीतसर. पण गळा हलला नाही. मी त्याच्या डाव्या अंगाला बसले होते, माझी नजर चुकणं शक्य नाही. लग्न झाल्यापासून या माणसाला चहा पिताना बघतेय मी. पाण्याचा घोट घेतला तरी त्याचा कंठमणी असा वर जाऊन खाली येतो, की निके लहान असताना बोट लावून बघायची, बाबा, आत काय आहे म्हणून. आज तो जागचा हलला नाही. त्याने फडक्याने कड पुसली आणि प्याला माझ्याकडे दिला, आणि देताना माझ्याकडे न बघता टेबलावरच्या पांढऱ्या कापडाकडे बघत राहिला. मी प्यायले. चांगला मोठा घोट घेतला, जरा रागानेच. समोरच्या बाजूला त्याची थोरली बहीण, ऊसी दोर्ची, दर प्रभुभोजनाला रडते तशी रडत होती. तिला काही दिसलं नसणार. मागे सुरई घेऊन उभ्या असलेल्या चर्चमंडळीच्या वडीलधाऱ्यांनाही नाही. पाळकबाईंनी आत्ताच तर सांगितलं होतं, की देव कुणाचं तोंड पाहून न्याय करत नाही, गोऱ्याचा वेगळा नि काळ्याचा वेगळा, पाळकाचा वेगळा नि कोळ्याचा वेगळा असा नियम त्याच्याकडे नाही. आणि मनात पाप झाकून जो या टेबलाशी बसतो, तो शिक्षाच खातो नि शिक्षाच पितो. मग ज्याच्या मनात काही असेल त्याने बाकावर बसून राहावं ना! बसतात की लोक. कुणी विचारत नाही, निदान तोंडावर तरी. पण टेबलाशी येऊन, काळा कोट घालून, प्यायल्याचं सोंग? कुणाला फसवत होता हा? मला तिथेच, तोंडात द्राक्षारसाची आंबट चव असताना वाटलं, झालं, याने पुन्हा काहीतरी करून ठेवलंय. आणि त्याच्या मागोमाग, निके.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. शुभ शुक्रवारी आमचं अंबोन शहर बंद असतं, खाली बंदरापर्यंत एक गाडी वाजत नाही, नुसती काळ्या कपड्यांतली माणसं आमच्या कुडामाती वस्तीच्या पायऱ्या चढत असतात आणि गल्लीच्या तोंडाशी बांबूच्या क्रुसांवर जांभळी कापडं लोंबत असतात. निके मैत्रिणींबरोबर पुढे होती. मी तिची मान बघत चालले. मध्येच ती थांबली आणि तिने पायरीवर हात टेकला.

"काय गं? काय होतंय? चक्कर आली?"

"आई, चप्पल निघाली!"

"दमलीस का पण?"

"चढ आहे हा. सगळेच दमतात. तूच धापा टाकतेयस," ती म्हणाली आणि मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. हसा. माझ्या मेलीच्या जिवाला घोर लागलाय नि तुम्हाला हसू येतंय. ओबेद मागून येत होता. ज्याला त्याला मान लववत होता, म्हाताऱ्यांचे हात हातात घेत होता, पण डाव्या हाताने. उजवा हात कोटाच्या खिशात. एवढ्या उन्हात, घामाने कॉलर भिजलेली असताना, खिशात हात घालून कोण चालतं? मी मुद्दाम म्हटलं, "ओबेद, माझी पिशवी धर जरा." त्याने डाव्या हाताने धरली.

माझ्या मनात संशय फार, असं माझी सासू म्हणायची. असेल. पण माझा संशय खोटा निघालेला मला तरी आठवत नाही, आणि हे असं वाटायला कारण आहे. गेल्या साली लवंगा वाळत घालायच्या दिवसांत निके आजारी पडली. सगळ्या गल्लीला लवंगांचा वास, आणि आमच्या घरात तापाचा. आधी मलेरिया म्हणाले, मग टायफॉइड म्हणाले, मग रक्त काढलं, मग पुन्हा काढलं. इस्पितळातला डॉक्टर जावाहून आलेला, पोरगेलासा, चांगला होता बिचारा. गोळ्या बदलत होता नि म्हणत होता, धीर धरा, गुण यायला वेळ लागेल. पोर वाळून कोळ झाली. डोळे उघडे ठेवून झोपायची. शेवटी आम्ही तिला घरी आणलं, गोळ्यांची पुडी घेऊन, आणि ऊसी दोर्ची आली. तिने निकेच्या कपाळाला हात लावला आणि डॉक्टरने इतक्या दिवसांत म्हटलं नव्हतं ते एका दमात म्हटलं: "हा ताप तिचा नाही. घरातल्या कुणीतरी काहीतरी पोटात दाबून ठेवलंय, ते या पोरीच्या अंगातून वर येतंय."

आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं. औषध लागू पडत नाही तेव्हा घर बोलतं. पडवीचं दार लावायचं, आजाऱ्याच्या खोलीत जमायचं, नवसाचे पैसे ठेवायच्या बशीवरचं पांढरं फडकं सारखं करायचं, प्रार्थना करायची आणि एकेकाने आपल्या पोटातलं बाहेर काढायचं. ज्याचं असेल त्याने ते काढलं, की ताप सोडतो. नाही काढलं तर काय होतं तेही सगळ्यांना ठाऊक असतं. गल्लीतल्या प्रत्येक घरात अशी एक तरी लहान शवपेटी निघालेली असते आणि तिच्यामागे कुजबुज. मी काही अडाणी नाही, मी शिकलेली बाई आहे, सरकारी शाळेत शिकवते. पण तुमची मुलगी डोळे उघडे ठेवून झोपत असेल ना, तेव्हा तुमचं शिक्षण पडवीत चपलांबरोबर राहतं.

तर आम्ही बसलो. ऊसी दोर्चीपासून सुरुवात झाली. तिने सागोच्या झाडांच्या बागेवरून धाकट्या भावजयीला तळतळाट दिला होता, तुझ्या घरात चूल न पेटो म्हणून. ती रडली, सगळ्यांच्या पाया पडली. तिचा नवरा बोलला, दारूचं. ओबेदचा धाकटा भाऊ बोलला, त्याने बापाच्या आजारपणात तोंड दाखवलं नव्हतं. प्रत्येकाचं ऐकताना मी निकेच्या छातीकडे बघत होते, श्वास बदलतोय का. आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे, याने सगळं सांगितलं की थोडं मागे ठेवलं. मग माझी पाळी आली. मी म्हटलं, "माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

"नीट आठव, मिना," ऊसी म्हणाली.

"आठवलं. आदल्या महिन्यात निकेला चापट मारली होती. बाकी काही नाही."

"चापटीने ताप येत नाही गं बाई. पोर तुझी आहे. लाज कसली धरतेस?"

"अहो ऊसी, नाही तर काय बनवून सांगू का तुम्हाला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कपड्यांच्या आत हात घालून चाचपावं तसं बघत होते. मी पण त्यांच्याकडे बघत राहिले, मान खाली नाही घातली, का घालावी? आणि तेवढ्यात ओबेद उभा राहिला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "माझं आहे," तो म्हणाला. "डोबो बंदराला बोटींची इंजिनं दुरुस्त करायला गेलो होतो तेव्हा. एक बाई होती."

त्यानंतर कोण काय बोललं ते मला नीट आठवत नाही. ऊसीने त्याच्या थोबाडीत मारली, नंतर त्यालाच मिठी मारून रडली. पाळकबाईंना बोलावणं गेलं. मी निकेच्या उशाशी बसून होते आणि मला एवढंच कळत होतं, की माझ्या हाताखालचं कपाळ ओलं होतंय. पहाटेपर्यंत चादर पिळून काढावी इतकी भिजली. निकेने डोळे मिटून झोप घेतली आणि उठल्यावर भाजलेला मासा मागितला. आता सांगा. मी काय समजायचं?

ओबेदला मंडळीने ख्रिस्तजयंतीच्या प्रभुभोजनाला टेबलाशी बसू दिलं नाही. रविवारी दहा आज्ञा वाचल्या जायच्या, सातवी, व्यभिचार करू नको, ही आली की सगळ्या बाकांतून माना आमच्या बाकाकडे वळायच्या आणि तो उभा, हात समोर बांधून, बुटांकडे बघत. मला त्याची कीव यायला हवी होती. मला बरं वाटायचं. खरंच सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी गल्लीत महत्त्वाची झाले होते. बायका केळ्याची भजी घेऊन पडवीत यायच्या, मिना, तूच बाई सोसतेस म्हणायच्या. मी सोसत होते. ओबेदला बाहेरच्या बाकड्यावर झोपवत होते. आणि उलटतपासणी करत होते, अधूनमधून, तो जेवत असताना. नाव काय तिचं? लिना. काय करते? दुकान आहे. पुढच्या खेपेला विचारलं तर नेली झाली, आणि दुकानाची खाणावळ झाली. "काल लिना होती ना रे?" म्हटलं तर ताटातली पापेडा, सागोची ती चिकट खळ, काड्यांवर गुंडाळत बसायचा, गुंडाळतोय गुंडाळतोय, तोंडात घालत नाही. मी म्हणायचे, अजून लपवतोयस तू. देवापुढे अर्धं सांगितलंस, अर्धं ठेवलंस. लक्षात ठेव, पोरीला पुन्हा ताप आला तर मी तुला सोडणार नाही.

आणि आज, मंडळीची माफी मिळाल्यावर, पहिल्याच टेबलाला हा असा. घरी पोचेपर्यंत मी सगळी जुळणी केली होती. गेल्या महिन्यात दोनदा उशिरा आला, यामाहाचं इंजिन उघडलंय म्हणाला, कशावरून? फोन उपडा ठेवतो. परवा केस कापून आला, न सांगता. मी त्याच्या शर्टाचा वास घेतला होता तेव्हा पेट्रोलच आलं होतं, पण पेट्रोलचा वास कशालाही झाकतो. निके कपडे बदलून बासरी घेऊन निघाली, संध्याकाळच्या उपासनेला त्यांच्या बांबूच्या बासऱ्यांचं वादन होतं नि त्यांना शिकवणाऱ्या मेल्कीने तालमीला लवकर बोलावलं होतं. जाताना मी तिच्या गळ्याला हात लावला. "थंड आहे, आई, थंड आहे," ती म्हणाली आणि हात झटकून पळाली. ओबेद मोरीत तोंड धूत होता. मी खुंटीवरचा कोट काढला. मी काही चोरून नाही काढला, उन्हात घालायलाच काढला होता, पण हात खिशात गेला. घडी केलेला रुमाल, आणि रुमालात भाकरीचा चौकोनी तुकडा. टेबलावरचा. कड ना कड शाबूत.

म्हणजे भाकरही नाही. मी तो तुकडा तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. मला हात भाजतोय असं वाटत होतं. हे टाकायचं कुठे? कोंबड्यांना घालता येत नाही, केरात टाकता येत नाही. खावं तर दुसऱ्याच्या वाटणीची शिक्षा.

"हे काय आहे?"

ओबेदचं तोंड ओलं होतं. तो टॉवेल शोधत राहिला. "दिसतंय ना तुला."

"कोण आहे ती? पुन्हा डोबोचीच, की इथे गावातच सोय केलीस?"

"मिना, हळू."

"का हळू? गल्ली रिकामी आहे. आणि भरलेली असली तरी मला कसली भीती? मी थोडीच खिशात भाकर लपवलीय. बोल. पोरीच्या जिवाशी खेळतोयस तू, कळतंय का तुला? एकदा वाचली. दर वेळी वाचेल?"

तो बाकड्यावर बसला. मला वाटलं रडेल. तो रडला नाही. म्हणाला, "डोबोत कुणी नव्हतं."

"काय?"

"बाई नव्हती. आम्ही सगळे पुरुष, धक्क्यावर इंजिनं उघडून बसलेलो. बाई म्हणशील तर भात रांधायला एक म्हातारी यायची, ती शिव्या द्यायची. मी खोटं बोललो."

मी आधी हसले. हे नवीन काढलंय, मला वाटलं, गुन्हा कबूल करून झाल्यावर नाही म्हणायचं. पण त्याच्या बोलण्यात ती चाचपडती शोधाशोध नव्हती. लिनाची नेली व्हायची तेव्हा त्याच्या कपाळावर घाम यायचा; आता तो साधं बोलत होता, इंजिनात काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं. "मला माफी मिळाली ती मी न केलेल्या पापाची. जे केलं, देवाच्या नावाने बसलेल्या माणसांत खोटी साक्ष दिली, ते तसंच आहे. शेजाऱ्याविरुद्ध नसेल, स्वतःविरुद्ध असेल, पण खोटी ती खोटीच. टेबलाशी बसल्यावर मला गिळवेना. उठून जावं तर तुला पुन्हा सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली असती. म्हणून तसं केलं."

"पण ताप उतरला, ओबेद. माझ्या हाताखाली उतरला."

"तेच मला कळत नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, देवाला कळलं असेल मी कुणासाठी बोलतोय ते."

बाहेर कुणाचा तरी कोंबडा उगीचच ओरडत होता. मी म्हटलं, "कुणासाठी?"

त्याने टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "पोर चालली होती. सगळे बोलले. आणि तुला बोलता येत नव्हतं. मी बघत होतो ना, तुला जमत नव्हतं. म्हटलं, कुणीतरी बोललं पाहिजे."

मला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा ते आधी कानांत समजलं, कान गरम झाले. "मला? मी? कुणाबरोबर, ते तरी सांग!"

"जाऊ दे. मी कधी विचारलं का?"

"नाव सांग!"

"मेल्की."

मेल्की! बासरीवाला मेल्की, ज्याच्या समोर उभं राहिलं की तोंडावर तुषार उडतात, ज्याची बायको त्याला खोकल्याच्या गोळ्यांसकट तालमीला पाठवते! मला हसू फुटलं, आणि हसता हसता मला माझं हसणं ऐकू आलं. ते बरं वाटत नव्हतं. "अरे, त्या शिंकणाऱ्या बोकडाबरोबर? तुला काय वेड लागलंय?"

"तू त्याच्याकडे गाण्याच्या तालमीला जायचीस, उशिरा यायचीस. गुणगुणत यायचीस," ओबेद म्हणाला. "इतर कुठून येताना तू गुणगुणत नाहीस."

म्हणजे तापाच्या आधीपासून. मी पडवीतून आत येत होते, चप्पल काढत होते, एखादी ओळ जिभेवर घोळत होती, आणि हा माणूस जेवणाच्या ताटापुढे बसून ते मोजत होता. मी त्याच्या शर्टाचा वास घेत होते तेव्हा त्याने माझं गाणं हुंगून ठेवलेलं होतं. आणि इतके महिने, मी त्याला बाकड्यावर झोपवत होते तेव्हा, नावं विचारत होते तेव्हा, तो काय बघत होता माझ्याकडे? मला वाटत होतं तो शरमलाय. तो मला सांभाळून घेत होता. त्याने माझा न्याय केला होता, एकट्याने, न विचारता, आणि शिक्षाही स्वतःच भोगून टाकली होती.

"मी काही केलेलं नाही, ओबेद. देवाशपथ."

"बरं."

"बरं काय? माझ्याकडे बघून बोल. काही नाही केलेलं!"

"बरं म्हटलं ना. मी कुठे काय म्हणतोय?" त्याने माझ्या हातातला भाकरीचा तुकडा अलगद घेतला, पुन्हा रुमालात बांधला. "मी उद्या पाळकबाईंकडे जातो. सगळं सांगतो, मी खोटं बोललो म्हणून. रविवारी पुनरुत्थानाच्या उपासनेआधी सगळ्यांसमोर सांगायला लावतील, तर तेही सांगतो. हे असं पोटात घेऊन मला निकेजवळ झोपायची भीती वाटते. तूच म्हणतेस ना, ती एकदा वाचली."

मीच म्हणत होते. तेच तर मी इतके महिने त्याला सांगत होते, सगळं सांग, सगळ्यांसमोर सांग. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं: नवरा चारित्र्याचा चोख, पोरीवरचं सावट जाईल, झालं. आणि त्याच क्षणी मला रविवार दिसला. ओबेद पुढे उभा, मी खोटं बोललो म्हणतोय, आणि ऊसी दोर्ची, डोळे पुसत नाही तोच, म्हणतेय: मग कुणासाठी रे बोललास? तिला उत्तर द्यायचीही गरज पडणार नाही. त्या खोलीत सगळे बोलले होते, फक्त एक बाई बोलली नव्हती. माना वळतील. भजी घेऊन येणाऱ्या बायका पडवीपर्यंत येऊन थांबतील. शाळेत, कर्मचाऱ्यांच्या खोलीत, मी आत आले की बोलणं थांबेल. आणि मेल्की! मेल्कीचं नाव निघायला किती वेळ? निके त्याच्याकडे शिकते. मी ओरडून सांगेन, मी काही केलेलं नाही, आणि सगळे म्हणतील, बरं.

मी कधी नव्हे ते डॉक्टरचा विचार करायला लागले. जावाचा तो पोरगेलासा डॉक्टर म्हणाला होता ना, गुण यायला वेळ लागेल. गोळ्या चालूच होत्या. मलेरियाचा ताप घामानेच उतरतो, शाळेच्या पुस्तकातसुद्धा आहे. खोट्या कबुलीने जर ताप उतरला तर कबुलीचा नि तापाचा संबंध काय? काही नाही. हे मला इतकं स्पष्ट दिसलं, की आधी कसं दिसलं नाही याचं नवल वाटलं. आणि त्याच्या तळाशी, अगदी तळाशी, मला माहीत होतं की मी निकेचं कपाळ एका पारड्यात घातलंय नि दुसऱ्यात माझं नाव, आणि मी हाताने दाबतेय ते पारडं निकेचं नाही.

"राहू दे," मी म्हटलं.

"काय राहू दे?"

"कशाला आता जुनं उकरायचं? लोकांचं बोलून झालं, विसरून झालं. तुला माफी मिळाली. पुरुषाचं काय, लोक विसरतात." माझा आवाज मला परका वाटला, शाळेत पालकांशी बोलते तसा. "पाळकबाईंना कशाला त्रास? देवाला माहीत आहेच. तू मनात माफी माग. लोकांना सांगायची गरज नाही, ओबेद. नको सांगूस. माझं ऐक."

तो माझ्याकडे बघत होता. आज सकाळपासून पहिल्यांदा तो सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता, आणि मी बघितलं, की मी निर्दोष असेन अशी त्याच्या चेहऱ्यावर इतके महिने कुठेतरी जी थोडीशी शंका उरली होती, ती गेली. बहुतेक मघाशी मी शपथ घेतली तेव्हा ती वाढली होती, कुणी सांगावं, आणखी थोडा वेळ मी ओरडले असते तर त्याचा विश्वास बसलाही असता. आता त्याला काही विचारायचं उरलं नव्हतं. मी तोंड उघडलं, नाही रे, तसं नाही, असं म्हणायला. आणि कुठला शब्द म्हटला तर तो खरा वाटेल ते मला सापडेना.

"बरं, मिना," तो म्हणाला, आणि त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, फार मायेने. "घाबरू नकोस. मी कुणाला काही सांगणार नाही."